लेगची पुळण निर्मनुष्य नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर आपण एक मोठे छायाचित्र छापले आहे. पांढऱ्या वाळूवर काळ्या वाळूच्या फांद्या, त्यांच्यामधून परतणारे ओहोटीचे पाणी आणि पलीकडे बर्फ पांघरलेले डोंगर. खाली ओळ आहे, 'स्कॉटलंडमधील एका निर्मनुष्य बेटाचा किनारा'. चित्र फार सुरेख आहे आणि छपाईही नेहमीपेक्षा चांगली उतरली आहे. पण ती ओळ चुकीची आहे. ती जागा मी पाहताक्षणी ओळखली. ते एग नावाचे बेट आहे, किनारा लेगचा आहे आणि मागचे डोंगर समोरच्या रम बेटावरचे आहेत. गेल्या जानेवारीत त्याच पुळणीवर चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिपाई रोवून उभा होतो. त्या बेटावर शंभराहून अधिक माणसे राहतात.

दुरुस्ती खरे तर दोन ओळींत कळवता आली असती. पण 'निर्मनुष्य' हा शब्द मला आठवडाभर टोचत राहिला. त्याचे कारण सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, म्हणून थोडी जागा मागतो.

देवगडात माझा 34 वर्षे फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, मयत झालेल्या माणसाचा जुना फोटो मोठा करून देणे, हे सगळे केले. म्हणजे आयुष्य माणसांचेच फोटो काढण्यात गेले. 'जरा मान वर करा', 'काकू, पदर सारखा करा' हे म्हणून म्हणून तोंड दुखायचे. स्टुडिओ बंद केला तेव्हा मनात एकच हौस उरली होती. जिथे समोर कोणी नाही अशा ठिकाणी जायचे आणि फक्त उजेडाचा फोटो काढायचा.

मुलगी-जावई ग्लासगोला असतात. आमची थोडी हापूसची कलमे आहेत, त्यामुळे मार्चनंतर घर सोडता येत नाही. म्हणून आम्ही दोघे थंडीतच गेलो. मुलीला सुट्टी नव्हती. जावई म्हणाला, "बाबा, तुम्हाला हवी तशी जागा मला माहीत आहे." आणि त्याने एगला जायचे ठरवले. मी, माझी पत्नी आणि जावई असे तिघे निघालो.

ग्लासगोहून मॅलेगपर्यंत आगगाडीला पाच तासांच्या वर लागतात. रॅनक मूरच्या माळावर बर्फात उभी हरणे दिसली. पुढे ग्लेनफिननचा 21 कमानींचा पूल लागला. तिथे उन्हाळ्यात फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते म्हणतात, आमच्या डब्यात सहाजण होते. मॅलेग हे मासेमारीचे बंदर. गाडीतून उतरल्यावर मासळीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास आला, तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "घराकडेच इल्यासारख्या वाटता."

बोट त्या दिवशी सुटली नाही. नैर्ऋत्येचा वारा होता आणि बंदराबाहेर लाटांचे फेस उडत होते. ज्याने जून-जुलैचा समुद्र पाहिला आहे त्याला त्याचे काय वाटणार? एक रात्र मॅलेगमध्ये काढली. दुसऱ्या दिवशी 'लॉखनेव्हिस' बोट सुटली. एग, रम, मक आणि कॅना या चार लहान बेटांना तीच बोट जाते आणि हिवाळ्यात ती रोज नसते. तिच्या डेकवर जनावरांच्या चाऱ्याची पोती होती, गॅसची सिलिंडरे होती, आणि वाणसामानाची खोकी होती. प्रत्येक खोक्यावर मार्करने घराचे नाव लिहिले होते. त्या खोक्यांचा मी फोटो काढला नाही. मला तेव्हा डोंगर हवे होते. आज वाटते, पहिला फोटो तिथेच सुटला.

सव्वा तासात एगच्या धक्क्याला लागलो. बेट जेमतेम 9 किलोमीटर लांब आणि 5 रुंद. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. धक्क्यावरूनच डोक्यावर उभा राहिलेला एक काळा सुळका दिसतो, त्याचे नाव अन स्गूर. 393 मीटर उंच. जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला. जवळ गेल्यावर कळते की हा सगळा उभ्या खांबांचा बनलेला आहे, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखा. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि एगचा त्यानंतर सुमारे पन्नास लाख वर्षांनी, सहा कोटींच्या आसपासचा. स्गूरची गोष्ट मात्र निराळी आहे. जुन्या बेसॉल्टमध्ये नदीने एक दरी कोरली होती, त्या दरीत काचेसारखा काळा लाव्हा भरला आणि थिजला. पुढे आजूबाजूचा कातळ झिजून गेला आणि दरीत भरलेला लाव्हा तेवढा टिकला. म्हणजे आज जो सुळका आहे तो कधीकाळी दरीचा तळ होता. जावयाने हे मला खाली उभे राहून हाताने दाखवले तेव्हा मी कॅमेरा बाजूला ठेवून पुन्हा एकदा नीट पाहिले.

आता उजेडाबद्दल, कारण मी त्यासाठी गेलो होतो. जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि चारनंतर मावळतो. भर दुपारी तो क्षितिजापासून 12 अंशांच्या आसपास वर असतो. आपल्याकडे उगवल्यावर तासाभरात सूर्य तेवढा वर येतो. म्हणजे आपल्याकडच्या सकाळच्या पहिल्या तासाचा जो उजेड मिळवण्यासाठी आम्ही फोटोग्राफर आयुष्यभर धडपडतो, तो तिथे दिवसभर असतो. बारा वाजता माणसाची सावली चार-पाच माणसांएवढी लांब पडते. गवताची प्रत्येक काडी वेगळी दिसते. फक्त तो उजेड ढगांच्या फटीतून येतो, पाच मिनिटे राहतो आणि जातो. पुन्हा तासभर करडे आकाश आणि आडवा पाऊस. त्या पाच मिनिटांसाठी हातमोजे काढून, बोटे बधिर करून उभे राहायचे.

लेगच्या पुळणीवर मधल्या सुकतीला जायचे. उधाणाच्या दिवसांत तिथे पाणी आमच्या देवगडच्या जवळजवळ दुप्पट चढते-उतरते, त्यामुळे पुळण केवढी तरी उघडी पडते. वाळू दोन रंगांची आहे. काळे कण बेसॉल्टचे आणि जरा जड, पांढरे हलके. पाणी परतताना त्यांना वेगळे करत जाते आणि वाळूवर झाडे उमटतात. खोडे, फांद्या, डहाळ्या, सगळे. पुढच्या भरतीला पुसते, सुकतीला नवे उमटते. मी गुडघ्यावर बसून, वाइड लेन्स वाळूपासून हातभर अंतरावर धरून, अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर देत होतो. त्यात परतणाऱ्या लाटेच्या रेघा येतात पण पाण्याचा धूर होत नाही. मागे रमची शिखरे होती, त्यातले सर्वांत उंच अस्किव्हल, 812 मीटर. जानेवारीत सूर्य रमच्या मागे मावळत नाही. तो खूप डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला उतरतो. त्यामुळे त्या बर्फावर उजेड बाजूने पडतो आणि प्रत्येक घळ कोरल्यासारखी दिसते. समुद्राचे खारे तुषार मात्र मिनिटाला फिल्टरवर बसतात. मी चार सुती रुमाल नेले होते, ते दुसऱ्या दिवशीच ओले झाले आणि शेवटी पत्नीचा स्कार्फ घेतला.

आता मुद्द्यावर येतो.

पहिल्याच सकाळी माझी फ्रेम लागली होती. वाळूवर एकही पाऊल नव्हते. फ्रेममध्ये पाऊल उमटू नये म्हणून मी लांबून वळसा घालून आलो होतो आणि दोघांनाही मागे थांबवले होते. ढग फाटायच्या बेतात होते आणि नेमका उजवीकडून एक माणूस आला. पिवळी बरसाती, रबरी बूट, मागे कुत्रा. हातात काटा होता. भरतीने किनाऱ्याला आणून टाकलेल्या समुद्री शेवाळाचे ढीग तो काट्याने उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकत होता. तो नेमका माझ्या डोंगराखाली आला. मी शटरवर बोट ठेवून तो बाजूला होण्याची वाट पाहू लागलो. दहा मिनिटे गेली. उजेड आला आणि तो तिथेच. मला राग आला, हे मी लपवत नाही.

पत्नी म्हणाली, "थांबा, काय भरता तां बघून येतंय." आणि ती माझ्या कोऱ्या वाळूवरून सरळ चालत त्याच्याकडे गेली. लांबून मला एवढेच दिसत होते की दोघे हातवारे करून बोलत आहेत. ती परत आली तेव्हा तिला सगळी माहिती होती. तो मागच्या क्लेडेल वाडीतला शेतकरी. वादळानंतर शेवाळ किनाऱ्याला लागते, ते थंडीत शेतात पसरायचे, पावसाने त्यातले मीठ धुऊन जाते आणि वसंतात त्यात बटाटे लावायचे. त्याच्या आजोबाच्या आधीपासून असेच चालत आले आहे. हिने त्याला आपल्याकडे माडाच्या बुडाशी मासळीचे खत घालतात ते सांगितले होते. त्याने विचारले होते, वास किती दिवस राहतो?

त्या सकाळी मी दोन फोटो काढले. एक तो ट्रॉली घेऊन गेल्यावर, त्याच्या चाकांच्या रेघा कडेला कापून. आपण छापलेल्या चित्रासारखाच. दुसरा आधी, चिडून, उजेड वाया जाऊ नये म्हणून दाबलेला. त्यात तो वाकलेला आहे, काट्यावर ओले शेवाळ लोंबते आहे आणि कुत्रा माझ्याकडे बघतो आहे.

ज्या घरात उतरलो होतो तिथल्या बाईंनी आल्या आल्या भिंतीवरचा एक लहान मीटर दाखवला होता. त्यावर त्या क्षणी घरात किती वीज चालली आहे तो आकडा दिसतो. बेटावर प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा आहे आणि ती सगळ्यांना सारखी. कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी जास्त मिळत नाही. दुसऱ्या रात्री आम्ही तिघे भिजून आलो. कपडे धुवायला मशीनमध्ये टाकले, ओव्हन लावला आणि जावयाने चहाला किटली लावली. घर अंधारात बुडाले. बाईंनी फोन केला. पंधरा मिनिटांत पावसातून टॉर्च घेऊन एक माणूस आला आणि त्याने वीज पुन्हा सुरू करून दिली. तो पुळणीवरचाच माणूस. एवढ्याशा बेटावर एकेक जण चार-चार कामे करतो, आणि वीज सांभाळणाऱ्या रहिवाशांच्या गटात तोही होता.

त्याला आम्ही चहाला थांबवले. मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर माझा पहिला फोटो दाखवला, माणूस नसलेला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पडद्यावर बोट फिरवले आणि विचारले, या फोटोत विजेचा एकही खांब नाही, हे लक्षात आले का? मी म्हणालो, हो, म्हणूनच तर इतका स्वच्छ फोटो आला. तो म्हणाला, खांब नाहीत कारण तारा आम्ही जमिनीखालून नेल्या आहेत.

संपादक महोदय, चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

त्याने जे सांगितले ते थोडक्यात लिहितो. 2008 च्या फेब्रुवारीपर्यंत या बेटावर सार्वजनिक वीज नव्हती. ज्याच्या त्याच्या दारात डिझेलचे जनित्र धडधडत असे. मुख्य भूमीवरून समुद्राखालून तार आणणे बेटाच्या आवाक्याबाहेर होते. मग रहिवाशांनी स्वतःची कंपनी काढली. लेगच्या बाजूला ओढ्यावर 100 किलोवॉटचे जलविद्युत यंत्र, आणखी दोन लहान ओढ्यांवर लहान यंत्रे, स्गूरच्या पायथ्याकडे चार पवनचक्क्या, शिवाय सौर पॅनेल आणि एका शेडमध्ये बॅटऱ्या. सगळी घरे जोडणारी तार पुरली. उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात पाऊस आणि वारा. डिझेल आता क्वचितच लागते. पाऊस-वारा इतका झाला की वीज उरते, तेव्हा ती सामाईक हॉल गरम ठेवायला वापरतात. आपल्याकडे 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा सिंधुदुर्गात खांब आडवे झाले आणि किती दिवस अंधार होता, हे आम्ही भोगले आहे. आमच्याही सड्यावर पवनचक्क्या आहेत. त्यामुळे हा माणूस काय सांगतो आहे ते मला शब्दन् शब्द कळत होते. पाच किलोवॉटचा नियम त्यांनी आपापसांत ठरवला आणि 2008 पासून पाळला, त्याचे मला सर्वांत जास्त वाटले. एकाने जास्त घेतली तर शेजाऱ्याकडे अंधार, इतका तो सरळ हिशेब.

आणि हे त्यांना करता आले कारण बेट त्यांचे होते. त्याआधी एग हे विकत घेण्याची वस्तू होती. एक मालक जायचा, दुसरा यायचा आणि माणसे त्यांच्याकडे कुळे म्हणून राहायची. घराचा भाडेकरार पक्का नाही, म्हणून छप्पर दुरुस्त करायची हिंमत नाही. कोकणात खोती पाहिलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. 1997 च्या 12 जूनला रहिवाशांनी वर्गणी, देणग्या आणि एका बाईंनी नाव न सांगता दिलेली मोठी रक्कम असे सगळे मिळून सुमारे 15 लाख पौंडांना बेट विकत घेतले. आता ते आयल ऑफ एग हेरिटेज ट्रस्टच्या मालकीचे आहे, आणि त्यात रहिवाशांबरोबर तिथली कौन्सिल आणि एक वन्यजीव संस्था आहे. तेव्हा बेटावर 65 च्या आसपास माणसे उरली होती. आज ती शंभराच्या वर आहेत. तरुण जोडपी परत आली, घरे बांधली. गावे ओस पडताना पाहिलेल्या आम्हा कोकणातल्या माणसांना या आकड्याचे मोल कळते.

तिसऱ्या दिवशी ऊन होते म्हणून आम्ही स्गूरच्या दक्षिण पायथ्याला ग्रुलिनला गेलो. तिथे मात्र खरोखर कोणी राहत नाही. मोठ्या धोंड्यांच्या आधाराने रचलेले घरांचे चौथरे, अर्ध्या भिंती, मधे नेच्याचे तांबडे झालेले झुडूप, आणि आत मेंढ्या. फोटोसाठी याहून चांगली जागा नाही. समोर मक बेट, खाली समुद्र, दगडांवर तिरपा उजेड. पण ते चौथरे आपोआप ओस पडलेले नाहीत. 1853 साली मालकाला ती जमीन मेंढ्यांसाठी हवी होती, म्हणून वरच्या ग्रुलिनमधल्या 14 कुटुंबांना घालवून देण्यात आले आणि बहुतेक जण समुद्रापार कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले. पत्नी एका चौथऱ्यात शिरली आणि चूल कुठे असेल ते शोधू लागली. मी तिचा तिथे फोटो काढला. तो माझ्याकडे आहे, छापण्यासाठी पाठवत नाही.

धक्क्यापासून अर्ध्या तासावर समुद्राकाठी एक गुहाही आहे. तोंड इतके अरुंद की रांगत जावे लागते. परंपरा सांगते की 1577 च्या हिवाळ्यात स्काय बेटावरच्या मॅक्लिओड घराण्यापासून लपायला एगचे मॅकडोनाल्ड घराण्यातले लोक तिथे दडले. शत्रू परत फिरला असे वाटून एक माणूस टेहळणीला बाहेर आला, आणि बर्फात उमटलेल्या त्याच्या पावलांमुळे गुहेचा पत्ता लागला. तोंडाशी आग लावून धुराने सगळ्यांना मारले. 395 माणसे, असे सांगतात. मी आत गेलो नाही. बाहेर उभा राहून माझ्या बुटांचे ठसे बघत होतो. फ्रेममध्ये पाऊल दिसू नये म्हणून मी तीन दिवस किती जपलो होतो, ते आठवत होते.

म्हणून 'निर्मनुष्य' हा शब्द मला सहन झाला नाही. जिथे खरेच कोणी नाही, तिथे माणसांना हाकलून ती जागा रिकामी केलेली आहे. आणि जिथे चित्र मोकळे दिसते, तिथे माणसांनी पदरमोड करून, चर खणून तारा पुरल्या आहेत. आपल्या छायाचित्रकाराने ते चित्र मनापासून काढले आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याच जागी, त्याच उजेडात मीही तसेच काढले. माझी त्याच्याविषयी तक्रार नाही. छायाचित्राच्या चौकटीबाहेर काय आहे हे वाचकाला फक्त खालची ओळ सांगू शकते. ती ओळ लिहिणाऱ्याने ही जबाबदारी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुरवणी वाचून कोणाला जायची इच्छा झाली असेल, तर जरूर जावे, आणि हिवाळ्यातच जावे. थोडे अनुभवाचे सांगतो. बोटीसाठी दोन दिवस हाताशी ठेवा. ती हवामानावर असते आणि परतीचे विमान त्याच आठवड्यात असेल तर जीव टांगणीला लागतो. बेटावर छोटे दुकान आहे, पण कोरडा शिधा सोबत न्यावा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत निम्म्यात मान टाकतात, त्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवाव्यात. घरात आल्यावर कॅमेऱ्याची बॅग लगेच उघडू नये, तासभर दाराशी तशीच राहू द्यावी, नाहीतर लेन्सवर आतून दव धरते. लेगच्या उत्तरेला एक पुळण आहे, तिथली वाळू पायाखाली किंकाळल्यासारखी वाजते, तिला गाणारी वाळू म्हणतात. ती कोरडी असेल तरच वाजते. आम्ही गेलो तेव्हा ती चिंब ओली होती आणि गप्प होती. शेताची फाटके जशी उघडाल तशी लावा, आत मेंढ्या असतात. आणि समोर कोणी काम करत असेल तर आधी जाऊन बोला. माझ्या पत्नीने केले तसे.

आता विनंती. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना ओळ अशी असावी: 'लेगचा किनारा, एग बेट, स्कॉटलंड. या बेटावर शंभराहून अधिक माणसे राहतात आणि बेट त्यांच्या ट्रस्टच्या मालकीचे आहे.' सोबत माझा दुसरा फोटो पाठवत आहे, काटा घेऊन वाकलेल्या माणसाचा. जागा असेल तर तो छापावा. उजेड त्यातही तोच आहे. त्या माणसाची परवानगी मी तेव्हाच घेतली आहे. फक्त नाव छापू नका म्हणाला, आणि कुत्रा कापू नका म्हणाला.

छापलात तर त्या पानाची एक प्रत जास्तीची पाठवावी. ती मॅलेगहून बोटीने जाईल.

आपला,
एक निवृत्त स्टुडिओचालक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग